चाकाची पाठ

सोलापुरात चादर घेणारं जाणतं माणूस घडी उलगडून ती आधी उलटी करतं. वीण किती घट्ट आहे, धागे कुठे सुटलेत, काठ कसा दुमडलाय, ते मागच्या बाजूला कळतं. तेच माणूस गाडीसाठी मॅगव्हील, म्हणजे अलॉयचं चाक, घ्यायला गेलं की भिंतीवर टांगलेल्या चाकाचं तोंड बघून भाव विचारतं. तोंडावर आरे असतात आणि रंग असतो. बाकी सगळं पाठीवर. खिसा मोजका असेल तर चाक खाली उतरवून पालथं करायला सांगावं, आणि दुकानदार कुरकुरला तरी संकोचू नये.

पाठीवरची ओतीव अक्षरं वाचायला अवघड नाहीत. ‘१५ × ६ जे’ म्हणजे व्यास १५ इंच आणि रुंदी ६ इंच. ‘ईटी ४५’ हा ऑफसेट, मिलिमीटरमध्ये. ‘४ × १००’ हा पीसीडी, म्हणजे चार नट आणि त्यांच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर. आऱ्याच्या मागे कुठेतरी ‘मॅक्स लोड’ आणि किलोचा आकडा असतो. जपानी कसोटीची ‘जेडब्ल्यूएल’ ही खूण असते, कधी तिच्या शेजारी ‘व्हीआयए’, म्हणजे बनवणाऱ्याखेरीज दुसऱ्या संस्थेनेही तपासल्याची. आपल्याकडे गाड्यांच्या रिमसाठी सरकारने २०२० साली गुणवत्ता आदेश काढला, त्यामुळे आयएसआय मार्कही शोधावा. शिवाय घड्याळासारखी एक छोटी तबकडी असते, तिच्यावर चाक कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात ओतलं ते कळतं. खूण खोटीही ओतता येते, म्हणून नुसत्या खुणेवर विसंबू नये. पण पाठ कोरी असलेलं चाक कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. ज्याने भाराचा आकडासुद्धा लिहिला नाही, त्याच्या चाकावर घरची पाच माणसं बसवून तुळजापूरचा घाट उतरायचा नसतो.

भाराचा हिशेब सोपा आहे. गाडीचं माणसांसामानासह कमाल वजन आरसीवर किंवा पुस्तिकेत मिळतं. त्याला ३ ने भागा. समजा १३५० किलो असेल तर ४५० आले. ब्रेक लावताना आणि खड्ड्यात पुढच्या चाकावर जास्त भार येतो, म्हणून चाराऐवजी तीन. चाकावरचा आकडा त्याहून खाली नको.

आता पीसीडी. स्विफ्ट, डिझायर, आय १०, आय २०, होंडा सिटी या सगळ्या ४ × १०० च्या. ब्रेझा, क्रेटा, इनोव्हा ५ × ११४.३ च्या. फिगो ४ × १०८ ची आणि पोलो ५ × १०० ची, त्यामुळे या दोघींना बाजारात निवड कमी आणि भाव जास्त. क्विडला तर तीनच नट. चार भोकांच्या चाकाचा पीसीडी समोरासमोरच्या भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजून मिळतो. पाच भोकांना समोर भोक नसतं, म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजून १.७०१ ने गुणायचं. ५८.८ आलं तर पीसीडी १००, ६३.५ आलं तर १०८, ६७.२ आलं तर ११४.३.

१०० च्या गाडीला ९८ चं चाक ‘दोनच मिलिमीटर आहे, बसतं’ म्हणून चढवणारे भेटतात. बसतं, खरं आहे. नट तिरका ओढला जातो, त्याचा शंकू एकाच कडेवर टेकतो, आणि काही शे किलोमीटरांत तो सैल व्हायला लागतो. स्टड, म्हणजे नट ज्यावर फिरतो तो आट्यांचा खिळा, तुटतो तेव्हा एकटा तुटत नाही, शेजाऱ्यावर भार टाकून जातो. लेथवर नवीन भोकं पाडून घेतलेली चाकंही अशीच टाळावीत. कारखान्यातच आठ भोकांचं केलेलं चाक वेगळं. ते चालतं, फक्त नट योग्य चार भोकांत पडतात ना हे बसवणाऱ्याच्या शेजारी उभं राहून पाहावं.

सगळ्यात जास्त तक्रारी ज्या गोष्टीतून निघतात ती मात्र पीसीडी नाही. ती आहे मधलं मोठं भोक. गाडीच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या तबकडीवर, मधोमध उंचवटा असतो, आणि कंपनीचं चाक त्याच्यावर टोपीसारखं घट्ट बसतं. स्विफ्ट आणि आय २० चा उंचवटा ५४.१ मिलिमीटरचा, सिटीचा ५६.१, ब्रेझाचा ६०.१, क्रेटाचा ६७.१. बाजारातलं चाक अनेक गाड्यांना चालावं म्हणून त्याचं भोक ७३.१ किंवा तसंच मोठं ठेवलेलं असतं. मधल्या फटीत रिंग लागते, हब रिंग. ती नसली तर चाक फक्त नटांच्या आधाराने मध्यावर येतं, आणि अर्धा मिलिमीटरही बाजूला राहिलं की पुणे हमरस्त्यावर ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. मालक तीन-तीनदा बॅलन्सिंग करून घेतो. मशीनवर चाक बरोबरच दाखवतं, कारण मशीन त्याला मधल्या भोकात शंकूवर धरतं, गाडी तसं धरत नाही. दोष रिंगेचा असतो, पैसे बॅलन्सिंगवाल्याला जातात.

चार रिंगांना काही शे रुपये लागतात, आणि दुकानदार त्या आपणहून देईलच असं नाही. बाहेरचा व्यास चाकाचा, आतला गाडीचा, असे दोन्ही आकडे सांगून मागाव्यात. प्लास्टिकच्या रिंगा भार उचलत नाहीत, फक्त मध्य धरतात, म्हणून त्या चालतात. पण सोलापूरचा एप्रिल-मे, त्यात घाट उतरून तापलेली ब्रेक डिस्क, यात त्या मऊ पडून वाकड्या होतात. अ‍ॅल्युमिनियमच्या घ्याव्यात, आणि हबवर बसवताना ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा, म्हणजे पावसाळ्यानंतर चाक हबला चिकटून बसणार नाही. नटांना आणि स्टडला मात्र ग्रीस लावायचं नाही.

ऑफसेट हा शब्द ऐकून माणसं मान डोलावतात आणि पुढे जातात. इथे थोडं थांबायला हवं. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि ते हबला जिथे टेकतं तो पृष्ठभाग, यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. समजा तुमची लोखंडी डिस्क, म्हणजे गाडीबरोबर आलेलं लोखंडी चाक, ५ इंच रुंद आणि ईटी ४५ आहे. दुकानात आवडलेलं चाक ७ इंच रुंद आणि ईटी ३५ आहे. रुंदी २ इंच वाढली, म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण २५ मिलिमीटर. ऑफसेट १० ने कमी झाला, म्हणजे पूर्ण चाक १० मिलिमीटर बाहेर सरकलं. बाहेरची कड आता ३५ मिलिमीटर पुढे आली आणि आतली कड सस्पेन्शनच्या १५ मिलिमीटर जवळ गेली. गाडी उभी असताना रुबाबदार दिसते. पाच माणसं बसून पंढरपूरला निघाली की गतिरोधकावर टायर पत्र्याला घासतो, पावसात दारं चिखलाने भरतात, एका बाजूचं चाक खड्ड्यात असताना ब्रेक लावला तर स्टिअरिंग हातातून ओढलं जातं, आणि बेअरिंग लवकर आवाज करू लागतं. त्याच गाडीला १५ × ६, ईटी ४५ घेतलं तर दोन्ही बाजूंना १२-१३ मिलिमीटरच वाढतात. बहुतेक छोट्या गाड्या तेवढं निभावून नेतात. तरी एक चाक बसवून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून, आत सस्पेन्शनच्या नळीपर्यंत करंगळी जाते का ते बघावंच. ब्रेक कॅलिपरलाही आरे घासत नाहीत ना, ते चाक हाताने फिरवून कळतं.

रुंद चाकावर अरुंद टायर ताणून बसवण्याची हौस मला धोक्याची वाटते. १८५/६५ आर १५ टायर (१८५ मिलिमीटर रुंद, बाजूची भिंत रुंदीच्या ६५ टक्के, चाक १५ इंची) ५ ते ६.५ इंच रुंदीच्या रिमसाठी असतो. ७ वर तो चढेल, पण बाजूची भिंत आत ओढलेली राहील आणि खड्ड्यात पहिला मार टायरऐवजी रिमच्या कडेला बसेल.

हे खड्ड्यांचं प्रकरण सोलापूरकराने आकड्यांत समजून घ्यावं, कारण स्वस्त आणि महाग यांचा खरा निकाल तिथे लागतो. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ टायर येत असे. त्याची भिंत १३२ मिलिमीटर, पूर्ण व्यास साधारण ६२०. वरच्या मॉडेलला १८५/६५ आर १५. भिंत १२०, व्यास ६२१.५. व्यास जवळपास तोच, म्हणून स्पीडोमीटर खरं बोलतो. १६ इंचीत १९५/५५ घेतला तर व्यास ६२१ राहतो, पण भिंत १०७ वर येते. आणि १९५/५० घेतला तर भिंत ९७.५ आणि व्यास ६०१, म्हणजे जवळजवळ ३ टक्के कमी. मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी ९७ ने जात असेल, आणि जमिनीपासूनची उंची ९ मिलिमीटरने घटेल. आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. गळीत हंगामात त्याच रस्त्यावरून उसाच्या जोडट्रॉल्या जातात. मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट भागातल्या आतल्या रस्त्यांवर ज्याची गाडी आठवड्यातून दोनदा जाते, त्याने छोट्या गाडीला १५ च्या पुढे जाऊ नये. लोखंडी डिस्क मार खाऊन वाकते आणि हातोड्याने सरळ होते. अलॉय चाक जोराच्या माराने तडकतं. भिंत जितकी कमी, तितका तो मार थेट.

आणखी एक समज दूर करायला हवा, की अलॉय म्हणजे हलकं. ओतीव स्वस्त चाक मजबुतीसाठी जाड ठेवलेलं असतं, आणि १६-१७ इंचाचं असं चाक तुमच्या १४ इंची लोखंडी डिस्कपेक्षा सहज जड भरू शकतं. सामान मोजायचा हुकाचा छोटा काटा बरोबर न्यावा. आधी आपली डिस्क टायरशिवाय मोजलेली असावी. नवं चाक जड निघालं तर गाडीचा उठाव आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही थोडे कमी होतील, आणि शॉकअपला जास्त काम पडेल.

मग पैसे. हिशेब करताना माणसं चार चाकांचा भाव धरतात आणि अडकतात. १५ इंचाचं साधं नवं चाक ५-७ हजारांच्या आसपास धरलं, तर त्यावरचा टायरही जवळपास तेवढाच पडतो. वर नट, रिंगा, वॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट. टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेवढा हात सैल झाला. पण सगळ्यात मोठी बचत वेळ निवडण्यात आहे. टायर अजून निम्मे शिल्लक असतील तर १४ वरून १५ वर जाणं म्हणजे चांगले टायर कवडीमोलाने विकणं. ते झिजून संपू द्या आणि ज्या महिन्यात टायर घ्यायचेच आहेत त्याच महिन्यात चाकं बदला. तेवढं थांबवत नसेल तर त्याच मापाची, १४ इंची चाकं घेऊन जुने टायर त्यांच्यावर चढवा.

माझा पहिला कौल मात्र नव्या चाकांना नाहीच. आपल्याच गाडीच्या वरच्या मॉडेलची, कंपनीची उतरवलेली चाकं शोधावीत. नवी गाडी घेतल्या घेतल्या मोठी चाकं चढवणारे बरेच असतात, आणि त्यांची मूळ चाकं गॅरेजच्या कोपऱ्यात किंवा ऑनलाइन जाहिरातीत येतात. अशा चाकाचं मधलं भोक, ऑफसेट, भार, नटांची बैठक सगळं आधीच जुळलेलं असतं. रिंग लागत नाही. कायद्याच्या दृष्टीनेही हा मार्ग सरळ आहे. गाडीत कंपनीच्या मूळ मापांपासून हटून बदल करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत तुमच्या मॉडेलसाठी दिलेलं माप घेतलं तर वादाला जागा राहत नाही. बाहेरची चाकं घेतलीच तर विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवून घ्यावीत.

जुनं चाक तपासायला घाई चालत नाही. दिवसा जावं. टायर उतरवलेलं चाक मागावं, कारण वाक आणि तडे आतल्या कडेला असतात आणि टायर ते झाकतो. चाक धुऊन, पुसून, आतली कड आणि आऱ्यांची मुळं रॉकेल किंवा डिझेलच्या बोळ्याने ओली करावीत. दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसून वर खडूची पूड चोळावी. तडा असेल तर त्यात शिरलेलं तेल पुडीत वर येतं आणि काळसर रेघ उमटते. मग चाक बॅलन्सिंगच्या मशीनवर चढवून फिरवावं, कडेजवळ एक पेन्सिल स्थिर धरावी आणि फट बघावी. फट एक मिलिमीटरहून जास्त कमीजास्त होत असेल तर चाक आऊट आहे. नटांच्या बैठकीत बोट फिरवावं. शंकू गुळगुळीत हवा, ओरखडलेला किंवा लांबट झालेला नको. वेल्डिंगचा डाग दिसला तर तिथेच उठावं. ही चाकं ओतल्यावर ५४० अंशांच्या आसपास तापवून, पाण्यात विझवून, पुन्हा मंद आचेवर ठेवून कडक केलेली असतात. वेल्डिंगच्या आचेने ती कमावलेली ताकद त्या जागी निघून जाते. डाग घासून रंग दिला की डोळ्याला काही कळत नाही, चाक मात्र तिथेच पुन्हा उकलतं. कडेचा थोडा वाक काढून घेता येतो. आऱ्यापर्यंत गेलेला वाक काढू नये.

चाकांबरोबर टायर ‘फुकट’ मिळत असतील तर त्यांच्या भिंतीवरच्या ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, इतक्या जुन्या टायरची किंमत शून्य धरावी.

ज्याला हेही परवडत नाही त्याने आपल्या लोखंडी डिस्क रंगवून घ्याव्यात. हा हलका पर्याय नाही, नीट केला तर फार छान दिसतो. टायर उतरवून गंज तारेच्या ब्रशने काढावा, १२० आणि मग ३२० नंबरचा पॉलिश कागद मारावा, थिनरने पुसून प्रायमरचे दोन पातळ हात आणि रंगाचे तीन हात द्यावेत. दोन हातांच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटं थांबावं. हे काम थंडीत, सकाळी करावं. मे महिन्यात पत्रा इतका तापलेला असतो की स्प्रेचे थेंब पोचेपर्यंत सुकतात आणि रंग खरबरीत बसतो. चाक हबला टेकतं ती जागा आणि नटांच्या बैठका मात्र कागदी टेपने झाकायच्या. तिथे रंगाचा थर राहिला तर तो दाबाखाली चेपतो आणि घट्ट केलेला नट आपोआप सैल पडतो. अलॉयला पावडर कोटिंग करून घेतानाही हीच अट घालावी.

बाहेरच्या चाकाचे आरे निवडताना कमी आणि सरळ आरे बघावेत. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात जाळीदार चाक स्वच्छ ठेवणं कठीण जातं. आणि हे दिसण्यापुरतं नाही. पावसात काळी माती चाकाच्या आतल्या बाजूला एकाच जागी चिकटून वाळते, आणि दुसऱ्या दिवशी हमरस्त्यावर स्टिअरिंग हलू लागतं. गॅरेज गाठण्याआधी आतून चाक धुऊन पाहावं.

बसवण्याच्या दिवशी नटांकडे लक्ष द्या. मारुतीच्या स्टडला १.२५ चे आटे (दोन आट्यांतलं अंतर, मिलिमीटरमध्ये), ह्युंदाई, होंडा आणि टोयोटाला १.५ चे. चुकीचा नट दोन आटे हाताने जातो आणि पुढे पान्याने स्टड खातो. होंडाच्या मूळ नटाची बैठक गोलसर असते, बाजारातल्या चाकाची बहुधा ६० अंशांची शंकूची, म्हणून तिथे नट नवे घ्यावेच लागतात. अलॉय लोखंडी डिस्कपेक्षा जाड असतं, त्यामुळे नटाला स्टड कमी मिळतो. हाताने फिरवताना फेरे मोजा. १.२५ च्या आट्यांना निदान ८, १.५ ला ७ फेरे पूर्ण बसले पाहिजेत. स्टेपनी लोखंडीच राहणार असेल आणि नट बदलले असतील, तर जुने नट पिशवीत घालून स्टेपनीजवळ ठेवा. रात्री बार्शी रोडवर पंक्चर झालं की त्यांची किंमत कळते.

हवेच्या बंदुकीने शेवटपर्यंत नट आवळू देऊ नका. स्टड ताणला जातो, ब्रेक डिस्क वाकते, आणि पुढे घरच्या पान्याने तो नट हलत नाही. आधी हाताने, मग समोरासमोरच्या क्रमाने, आणि शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतो, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. बॅलन्सिंगला आतून चिकटणारी वजनं लावून घ्या, ठोकून बसवायची क्लिप अलॉयची कड खराब करते. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. दुपारी वाढलेला दाब पाहून ती सोडू नका, कारण तापमान साधारण ५-६ अंशांनी वाढलं की दाब १ पीएसआयने वाढतो आणि रात्री परत उतरतो.

नवी चाकं ८०-१०० किलोमीटर चालली की नट पुन्हा तपासावे लागतात, कारण नटाची बैठक त्या अंतरात दबून बसते. सोलापूर ते तुळजापूर ४५ किलोमीटर. चाकं बसवली की बरेच जण तसेही आईच्या दर्शनाला जातातच. घरी परत येईपर्यंत ९० होतात. गाडी सावलीत लावावी, चाकं हाताला गार लागेपर्यंत थांबावं, आणि टॉर्क पाना काढून सोळाच्या सोळा नट एकदा फिरवून बघावेत.